मज्जारोपणासाठीं परदेशगमन

इ. स. १९५८ च्या ऑक्टोबर महिन्याची १५ तारीख. युगोस्लाव्हिया देशांत बेलग्रेड शहराजवळ विंचा या ठिकाणीं अणुसंशोधनाची एक संस्था होती. तेथील एका लहानशा अणुभट्टीवर कांहीं संशोधक प्रयोग करीत होते; त्यांत बहुतेक तरुण विद्यार्थी. भट्टी अगदीं मंद चालावयाची असल्यामुळें तिच्याभोंवतीं संरक्षक भिंतीचें कवच नव्हतें. त्या दिवशीं मोजमापाच्या यंत्रानें दगा दिला. भट्टींतील क्रिया वाढत गेली आणि कांटा मात्र जागच्या जागीं राहिला. ओझोन वायूचा वास येऊं लागला तेव्हां कोठें घडल्या प्रकाराची कल्पना येऊन भट्टी बंद करण्यांत आली. तोंपर्यंत सहा माणसांच्या शरीरांतून न्यूट्रॉन व गॅमा किरण आरपार निघून गेले होते.

या सहाजणांच्या अंगावर जखम नव्हती, रक्ताचा थेंब सांडला नव्हता. तरी त्यांच्या हाडांच्या आंत जी घडामोड अहोरात्र चालते तिच्यावर घाला पडला होता. त्यांच्या देशांत या विकारावर इलाज ठाऊक असलेला वैद्य नव्हता. खरें म्हटलें तर तो जगांत कोठेंच नव्हता. तरी पॅरिसमध्यें क्यूरी रुग्णालयांत किरणांच्या विकारांचा अभ्यास केलेले कांहीं डॉक्टर होते. त्या सहाजणांस विमानानें तिकडे पोंचविण्यांत आलें. मज्जा मिळविण्यासाठीं रोग्यानें देशाची सीमा ओलांडावी ही रीत जगांत येथूनच सुरू झाली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु मज्जा म्हणजे काय, याचा नीट उलगडा झाल्यावांचून पुढील कथा समजावयाची नाहीं. आयुर्वेदानें रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा व शुक्र असे सात धातु सांगितले, त्यांत मज्जेचें स्थान सहावें. मांसाहारी घरांत ती दुसऱ्याच वाटेनें परिचयाची असते. मटणाच्या रश्श्यांतील नळी ताटावर आपटून लहान मुलें जो मऊ मगज मोठ्या आवडीनें चोखतात, तीच मज्जा. मराठी भाषेनें मात्र येथें एक घोंटाळा करून ठेवला आहे. पाठीच्या कण्यांतून जाणाऱ्या ज्ञानतंतूंच्या जाड दोरास आपल्या पाठ्यपुस्तकांनीं 'मज्जारज्जु' हें नांव दिलें आणि मेंदू व ज्ञानतंतु मिळून जी यंत्रणा होते तिला 'मज्जासंस्था' म्हटलें. वास्तविक या दोहोंचा हाडांतील मज्जेशीं कांहींएक संबंध नाहीं. पण या नामसादृश्यामुळें, मज्जा काढून दिली कीं माणूस लुळा पडेल, अशी भीति चांगल्या शिकलेल्या घरांतूनही आढळते. शब्द बनविणारांनीं थोडा विचार केला असता तर अनेक भाऊ आपल्या बहिणीस मज्जा देतांना कचरले नसते.

हाडांतील मज्जा हा रक्ताचा कारखाना आहे. लहानपणीं जवळजवळ सर्वच हाडांत तांबडी मज्जा असते. प्रौढपणीं ती मुख्यत्वें कंबरेचें हाड, छातीचें हाड, फांसळ्या, मणके व कवटी यांत उरते आणि हातापायांच्या लांब हाडांत तिची जागा पिवळी चरबी घेते. तांबडी रक्तपेशी सुमारें १२० दिवस जगते. रक्त गोठविण्यास साह्य करणाऱ्या बिंबिका आठ-दहा दिवसच टिकतात. रोगजंतूंवर प्रथम धांवून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींचें आयुष्य तर याहूनही थोडें. ही सर्व झीज भरून काढण्यासाठीं मज्जा दररोज सुमारें वीस हजार कोटी नव्या तांबड्या पेशी घडविते. आणि या अफाट उत्पत्तीच्या मुळाशीं फार थोड्या पेशी असतात. त्यांना मूळ पेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. मूळ पेशी दुभंगली म्हणजे तिच्यापासून एकीकडे रक्ताच्या नाना प्रकारच्या पेशींचा वंश चालूं लागतो व दुसरीकडे तिच्यासारखीच मूळ पेशी शिल्लक राहते. विरजण लावतांना थोडें दहीं बाजूला काढून ठेवणाऱ्या गृहिणीस हा प्रकार निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं.

हें बियाणेंच नष्ट झालें तर काय होतें, हें १९४५ सालीं हिरोशिमा व नागासाकी येथें दिसलें. स्फोटांतून सहीसलामत वांचलेलीं माणसें दोनचार आठवड्यांनीं ताप, रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांनीं मेलीं. त्यानंतर अमेरिकेंत उंदरांवर प्रयोग सुरू झाले. १९४९ सालीं लिऑन जेकबसन या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, प्राणघातक किरण सोडतांना उंदराची पाणथरी शिशानें झांकली तर तो वांचतो. उंदराच्या पाणथरींतही रक्ताच्या मूळ पेशी असतात. पुढें १९५१ मध्यें एगॉन लॉरेन्झ व त्याचे सहकारी यांनीं, किरण दिलेल्या उंदराच्या शिरेंत दुसऱ्या प्राण्याची मज्जा सोडूनही तो वांचवितां येतो असें सिद्ध केलें. १९५७ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील कूपर्सटाऊन या गांवीं डॉ. डॉनल टॉमस यांनीं हाच उपाय माणसांवर करून पाहिला. सहापैकीं एकही रोगी फार दिवस जगला नाहीं. परंतु मज्जा शिरेंतून देतां येते, तिनें तत्काळ अपाय होत नाहीं आणि हाडांत जाऊन बसण्याची वाट ती आपली आपणच शोधून काढते, एवढें त्यावरून कळलें.

एवढ्या तुटपुंज्या ज्ञानाच्या बळावर पॅरिसचे डॉ. जॉर्ज माते व त्यांचे सहकारी विंचाच्या रोग्यांपुढें उभे होते. प्रथम त्यांनीं घाई केली नाहीं. रोग्यांना वेगळें ठेवून, रक्त व औषधें देऊन त्यांचीच मज्जा पुन्हां जागी होते कीं काय याची वाट पाहिली. चार आठवडे होत आले तशा रक्तांतील पेशी भराभर उतरूं लागल्या. तेव्हां पांच फ्रेंच नागरिकांनीं आपली मज्जा देऊं केली. यापूर्वीं अशा कामीं मज्जादान कोणीं केलेलें नव्हतें. देणाऱ्यास अपाय होईल कीं नाहीं याची हमी कोणासही देतां येत नव्हती. ज्यांना ती द्यावयाची ते परक्या देशांतले, परकी भाषा बोलणारे. अत्यंत जास्त किरण लागलेल्या पांचजणांस ती मज्जा देण्यांत आली. त्यांपैकीं एक दगावला, चौघे वांचले. सहाव्यास किरण कमी लागल्यामुळें मज्जेची गरज पडली नाहीं, तोही वांचला.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण वर्तमानपत्री कथांतून ती बहुधा गाळली जाते. त्या चौघांच्या अंगीं परकी मज्जा कायमची रुजली नाहीं. कांहीं काळ तिनें काम केलें, आणि मग त्यांची स्वतःची मज्जा हळूहळू सांवरली. परक्या मज्जेनेंच ते वांचले, कीं ती न देतांही वांचले असते, याविषयीं तज्ज्ञांत पुढें पुष्कळ वाद झाला. तो वाद कसाही निकालांत निघो, ज्यांनीं भूल घेऊन आपल्या हाडांत सुया खुपसून घेतल्या त्यांच्या दानाचें मोल त्यानें कमी होत नाहीं.

परकी मज्जा कां रुजली नाहीं याचें उत्तर देणारा शोध त्याच वर्षीं, त्याच पॅरिस शहरांत लागावा हा योगायोग खराच. १९५८ मध्यें डॉ. झां दोसे यांनीं पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरील एका खुणेचें वर्णन केलें. आज त्या खुणांच्या समूहास एच्.एल्.ए. म्हणतात. रक्तगट म्हटले म्हणजे चार. येथें मात्र नमुन्यांचे प्रकार हजारों आहेत. सैन्यांतील शिपाई गणवेश पाहून आपला-परका ओळखतो, तशा शरीराच्या रक्षक पेशी या खुणा पाहून ओळखतात. या खुणांचीं जनुकें सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकत्र गुंफलेलीं असतात. मुलाला अर्धा संच बापाकडून व अर्धा आईकडून मिळतो. म्हणून सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच तंतोतंत जुळण्याचा संभव चारांत एक. दोसे यांना १९८० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कूपर्सटाऊनच्या अपयशानें न खचतां काम चालूं ठेवणाऱ्या टॉमस यांना तें १९९० सालीं मिळालें.

मज्जारोपणांत एक विलक्षण गोष्ट अशी कीं, तेथें भांडण दोन्ही बाजूंनीं होतें. मूत्रपिंड बसविलें तर रोग्याचें शरीर त्याला हांकून देऊं पाहतें, एवढेंच. परंतु मज्जा म्हणजे रक्षक पेशी निर्माण करणारी भूमिच. ती रुजली कीं, नव्या रक्षक पेशी जागे होऊन रोग्याच्या कातडीस, आंतड्यास व यकृतास परकें समजून त्यांवर हल्ला चढवितात. घरांत घेतलेला पाहुणा घरधन्यावरच उलटावा तसा हा प्रकार. जुळणी जितकी चांगली तितका हा धोका कमी. तरी सख्ख्या भावाच्या मज्जेनेंही तो अगदीं टळतो असें नाहीं. १९६८ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें डॉ. रॉबर्ट गुड यांनीं, जन्मतःच रोगप्रतिकारशक्ति नसलेल्या एका तान्ह्या मुलास त्याच्या बहिणीची मज्जा दिली, आणि जुळलेल्या भावंडाची मज्जा कायमची रुजते हें जगाला दिसलें.

पण चौघांतील तिघांस जुळणारें भावंड नसतें, त्यांनीं काय करावें? ऑस्ट्रेलियांतील शर्ली नोलन या बाईंपुढें हा प्रश्न उभा राहिला. त्यांचा मुलगा अँथनी १९७१ सालीं जन्मला तो रोगप्रतिकारशक्तीचा एक दुर्मिळ दोष घेऊनच. लंडनमध्यें नात्याबाहेरील माणसाची मज्जा देऊन एक मुलगा वांचविण्यांत आला असें कानीं येतांच ही माता आपल्या मुलास घेऊन अर्धी पृथ्वी ओलांडून लंडनला आली. आल्यावर तिला कळलें कीं, डॉक्टर आहेत, रुग्णालय आहे, परंतु मज्जा कोण देणार याची यादीच कोठें नाहीं. तेव्हां तिनें ती यादी करण्यास आरंभ केला. १९७४ सालीं ती नोंदणी सुरू झाली. हजारों लोकांनीं नांवें दिलीं. अँथनीला मात्र जुळणारा दाता शेवटपर्यंत सांपडला नाहीं आणि १९७९ सालीं तो वारला. नोंदणी पुढें चालूंच राहिली. तिच्यासारख्या नोंदण्या आज अनेक देशांत आहेत, एकमेकींशीं जोडलेल्या आहेत, आणि त्यांतील दात्यांची संख्या चार कोटींच्या वर गेली आहे. ज्या मुलासाठीं आई घराबाहेर पडली त्याच्या पदरीं कांहीं पडलें नाहीं, आणि ज्यांचीं तोंडें तिनें कधीं पाहिलीं नाहींत अशा असंख्य मुलांचे प्राण त्या यादीनें वांचविले.

मज्जेऐवजीं आतां पुष्कळदां बाहुवरील शिरेंतूनच मूळ पेशी गोळा करितात. दात्यास चारपांच दिवस एक औषध टोंचतात. त्यानें मूळ पेशी हाडांतून रक्तांत उतरतात. मग एका हाताच्या शिरेंतून रक्त यंत्रांत घेऊन, त्यांतील हव्या त्या पेशी वेंचून बाकीचें रक्त परत देतात. कांहीं तास पडून राहावें लागतें. अंग दुखतें, डोकें दुखतें. नंतर तें थांबतें. कंबरेच्या हाडांतून मज्जा घ्यावयाची असेल तर भूल देऊन मागच्या बाजूनें सुईनें ओढून घेतात, आणि ती उणीव कांहीं आठवड्यांत भरून निघते.

तिसरी वाट नाळेच्या रक्ताची. ती प्रथम चोखाळली गेली तीही परदेशगमनांतूनच. अमेरिकेंतील पांच वर्षांच्या एका मुलास फँकोनी या नांवाचा वंशपरंपरागत पांडुरोग होता. या रोगांत नेहमींच्या तीव्र औषधांनीं शरीर कोलमडतें. त्यांना झेपेल अशी सौम्य पद्धत पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयांतील डॉ. एलियान ग्लुकमान यांनीं बसविली होती. मुलाला त्याच सुमारास बहीण झाली. तिच्या नाळेंतील रक्त, एरवीं जें सुइणी फेंकून देतात तें, इंडियाना येथील डॉ. हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेंत गोठवून ठेवण्यांत आलें. १९८८ च्या ऑक्टोबरांत मुलगा अमेरिकेहून पॅरिसला गेला आणि गोठविलेलें रक्तही अटलांटिक ओलांडून तेथें गेलें. तें रुजलें व मुलगा बरा झाला.

आपल्याकडील वाचकांस याहून जवळचा विषय थॅलेसेमियाचा आहे. आईबाप दोघेही या दोषाचे वाहक असले, तरी स्वतः धडधाकट असतात. मात्र त्यांच्या चार मुलांमागें एकास हा रोग होण्याचा संभव असतो. अशा मुलास सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान पांढुरकी येऊं लागते, आणि मग दर तीनचार आठवड्यांनीं जन्मभर रक्त द्यावें लागतें. दिलेल्या रक्तांतील लोह यकृतांत, हृदयांत सांचत जातें. तें काढण्यासाठीं निराळें औषध. महाराष्ट्रांत सिंधी, लोहाणा इत्यादि समाजांत वाहकांचें प्रमाण अधिक असलें तरी इतरांनीं आपण सुटलों असें समजूं नये. १९८१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत सिअॅटल येथें टॉमस यांनीं व इटलींत एड्रिआटिक समुद्राकांठच्या पेझारो या गांवीं डॉ. ग्वीदो लुकारेल्ली यांनीं या रोगावर मज्जारोपण केलें. पेझारो हें गांव पूर्वीं रोसिनी या संगीतकाराचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध होतें. पुढें तेथें निरनिराळ्या देशांतून आईबाप आपलीं फिकट मुलें घेऊन येऊं लागले.

लुकारेल्ली यांनीं त्या मुलांच्या अनुभवांतून तीन साधे प्रश्न काढले. यकृत वाढलें आहे काय? यकृतांत तंतुमय घट्टे पडले आहेत काय? लोह काढण्याचें औषध नियमित दिलें गेलें काय? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक असलीं तर जुळणाऱ्या भावंडाच्या मज्जेनें शेंकडा ८५ ते ९० मुलें रोगमुक्त होतात. तिन्हीं उत्तरें वाईट असलीं तर धोका पुष्कळ वाढतो. म्हणजे परदेशीं जाऊन जें यश मिळावयाचें, त्याचा मोठा भाग मुलाच्या स्वतःच्या गांवीं, पूर्वींच्या पांचसात वर्षांत ठरून गेलेला असतो. लोह काढण्याचें औषध महाग म्हणून किंवा कंटाळवाणें म्हणून सोडून द्यावयाचें आणि पुढें घरदार विकून परदेशची वाट धरावयाची, असें करणाऱ्या कुटुंबांची चूक त्यांची एकट्यांची नसते. त्यांना वेळेवर हें सांगणारें कोणी भेटलेलें नसतें.

आतां प्रवासाची दिशाही पालटली आहे. भारतांत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९८३ सालीं मज्जारोपण झालें; वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत १९८६ पासून तें सुरू झालें. आज इराक, बांगलादेश, नेपाळ, केनिया, नायजेरिया अशा देशांतील रोगी दिल्ली, चेन्नई, बेंगळूर, मुंबई या शहरांत येतात, कारण युरोप-अमेरिकेच्या मानानें येथील खर्च पुष्कळच कमी. ज्यांचें उत्पन्न थोडें अशा भारतीय कुटुंबांतील थॅलेसेमियाच्या मुलांसाठीं कोल इंडिया या सरकारी कंपनीनें २०१७ सालीं योजना काढली. तींतून रोपणासाठीं दहा लाख रुपयांपर्यंत साह्य मिळतें. मुलास घेऊन परमुलुखीं जाण्याचा विचार करणाऱ्या पालकांनीं आधीं घराजवळचें हें दार ठोठावून पाहावें हें उत्तम.

तरीही ज्यांना जावेंच लागतें त्यांनीं या उपचाराचें खरें स्वरूप ध्यानीं घ्यावें. रोग्यावर यांत कापाकापी नसते. पिशवींतील तांबूस द्रव रक्तासारखा शिरेंतून जातो व एकदोन तासांत आटोपतो. दुरून आलेले नातेवाईक 'एवढेंच काय?' असें विचारतात. परंतु त्याच्या आधीं आठवडाभर तीव्र औषधें देऊन जुनी मज्जा पुसून काढलेली असते, आणि नवी उगवेपर्यंत दोन ते चार आठवडे रोगी संरक्षणावांचून असतो. तोंड आंतून सोलून निघतें, पाणी गिळवत नाहीं, केंस गळतात, साधी सर्दी जिवावर बेतते. रुग्णालयांतून सोडल्यानंतरही रोपणाच्या दिवसापासून सुमारें शंभर दिवस रुग्णालयाच्या जवळपासच राहावें लागतें. हे शंभर दिवसच परदेशीं गेलेल्या कुटुंबास खचवितात. भाड्याची खोली, उकळलेलें पाणी, अनोळखी भाषा, आठवड्यांतून दोनतीन वेळां रक्ततपासणी. घरीं दुसरीं मुलें आजीकडे ठेवलेलीं, बापाची रजा संपलेली. पुष्कळदां मज्जा देणारें भावंडही लहानच असतें. म्हणजे एक मूल आजारी आणि दुसरें मूल शाळा बुडवून दात्याच्या खाटेवर. त्या दुसऱ्याची विचारपूस बहुधा कोणी करीत नाहीं.

म्हणून निघण्यापूर्वीं विचारावयाचे प्रश्न निराळे असतात. खर्चाचा आंकडा सुरळीत पार पडलें तर किती, हें सर्वच सांगतात. गुंतागुंत झाली तर किती, मज्जा न रुजल्यास पुढें काय, हें विचारावें. त्या रुग्णालयानें या विशिष्ट रोगाचीं, या वयाच्या मुलांचीं किती रोपणें केलीं व दोन वर्षांनीं त्यांपैकीं किती हयात आहेत, हें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. औषधांमुळें पुढें मूल होण्याची शक्ति नष्ट होऊं शकते. तिचें जतन करण्याचा कांहीं मार्ग आहे काय, हा प्रश्न संकोचामुळें आपल्याकडे विचारलाच जात नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें, गांवीं परतल्यावर पाहणार कोण? रोपणानंतर लहानपणीं टोंचलेल्या लसींचा प्रभाव ओसरतो, त्या पुन्हां पहिल्यापासून टोंचाव्या लागतात. दाता व रोगी यांचे रक्तगट भिन्न असले तर रोग्याचा रक्तगटच पालटून दात्याचा होतो. वर्षभरानें तालुक्याच्या दवाखान्यांत मुलाच्या जुन्या कागदावर 'बी' गट आणि तपासणींत 'ओ' गट निघाला कीं गोंधळ उडतो. त्यासाठीं सर्व कागद बरोबर असावेत व ते वाचूं शकणारा डॉक्टर आधींच ठरवून ठेवावा.

याच नांवाखालीं दुसराही एक बाजार चालतो, आणि त्याविषयीं सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. रक्ताच्या मूळ पेशींचें रोपण हें रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, मज्जा सुकण्याचा रोग, जन्मजात प्रतिकारदोष व अशा कांहीं रोगांवरचा सिद्ध उपाय आहे. त्याच्या पुण्याईवर 'स्टेम सेल' हा शब्द मंत्रासारखा वापरून मतिमंदत्व, पक्षाघात, मधुमेह, आंधळेपणा, सर्व कांहीं बरें करूं असें सांगणारीं दुकानें देशोदेशीं उघडलीं आहेत. एका इस्रायली मुलास मेंदूच्या झिजण्याच्या वंशगत रोगावर मॉस्को येथें गर्भाच्या मेंदूंतील पेशी टोंचण्यांत आल्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनीं त्याच्या मेंदूंत व कण्यांत गांठी आढळल्या, आणि त्या टोंचलेल्या पेशींपासूनच उद्भवल्या होत्या, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत दाखविलें आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, रक्ताच्या ठराविक रोगांवरील रोपणाखेरीज मूळ पेशींचा कोणताही वापर हा उपचार नव्हे, प्रयोग होय. प्रयोगासाठीं रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नसतात. म्हणून जो वैद्य एकच पिशवी दहा रोगांवर चालते म्हणतो आणि आधीं रक्कम भरावयास सांगतो, त्याच्याकडे जाण्यासाठीं विमानाचें तिकीट काढूं नये.

जुळणीचा प्रश्न आपल्या लोकांस विशेष जाचतो. एच्.एल्.ए. च्या खुणा पिढीजात असल्यामुळें अनोळखी दाता मिळावयाचा तो बहुधा आपल्याच पूर्वजांच्या वंशांतला. २०१४ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीच्या आधारें केलेल्या अभ्यासांत, तेथील युरोपीय वंशाच्या रोग्यास पूर्ण जुळणारा व उपलब्ध असणारा दाता मिळण्याचा संभव शेंकडा ७५, तर दक्षिण आशियाई वंशाच्या रोग्यास शेंकडा ३३ असा निघाला. न्यू जर्सींत किंवा लंडनमध्यें राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मूल आजारी पडलें म्हणजे शोध फिरून हिंदुस्थानाकडेच वळतो. चेन्नई येथें २००९ सालीं सुरू झालेल्या 'दात्री' या नोंदणीसारख्या संस्था हें काम करितात. परंतु आपल्या लोकसंख्येच्या मानानें नांवें देणारे अद्याप फारच थोडे. गालाच्या आंतून कापसाचा बोळा फिरवून नमुना द्यावा लागतो, त्यांत दुखणें असें कांहीं नाहीं. अडचण पुढें येते. वर्षां-दोन वर्षांनीं 'तुमची जुळणी झाली' असा निरोप आला कीं घरचीं माणसें नको म्हणतात आणि दाता मागें सरतो. समुद्रापलीकडे तोंपर्यंत रोग्याची जुनी मज्जा पुसण्याची तयारी चाललेली असते. ज्यास निभावणार नाहीं त्यानें आरंभींच नांव न देणें हें अधिक प्रामाणिक. अलीकडे आईबापांची अर्धी जुळणारी मज्जाही विशेष औषधांच्या योगें देतां येऊं लागली आहे, त्यामुळें दाता अजिबात नाहीं अशी स्थिति पूर्वींपेक्षां विरळ झाली आहे.

रोग्यानें परदेशीं जाण्याऐवजीं विद्येनेंच प्रवास करावा, असाही प्रयत्न चालूं आहे. इटलींतील फ्लॉरेन्सच्या एका धर्मादाय संस्थेनें इस्लामाबाद, बेंगळूर, जयपूर येथील रुग्णालयांस थोड्या खर्चांत रोपण करण्यास साह्य केलें. त्याचें महत्त्व सीमा बंद होतात त्या वेळीं कळतें. २०२५ च्या एप्रिल महिन्यांत भारतानें पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द केले त्यांत उपचारासाठीं आलेल्यांचेही होते. राज्यकारणाचा निर्णय कसाही असो, मज्जा पुसून बसलेल्या मुलास शंभर दिवस मोजावेच लागतात.

पेशींचा प्रवास मात्र सुरूच आहे. अनोळखी दात्याकडून होणाऱ्या रोपणांपैकीं निम्म्याच्या आसपास रोपणांत दाता एका देशांतला व रोगी दुसऱ्या देशांतला असतो. एक माणूस लहानशी थंड पेटी हातांत घेऊन विमानांत बसतो. पेटी सामानांत टाकावयाची नाहीं, विमानतळावरील क्ष-किरणांखालीं घालावयाची नाहीं, डोळ्यांआड करावयाची नाहीं; आंत दोन ते आठ अंशांची शीतता राहिली पाहिजे आणि साधारण तीन दिवसांच्या आंत ती रोग्याच्या खाटेशीं पोंचली पाहिजे. २०२० सालीं करोनाच्या साथीनें विमानें बंद पडलीं तेव्हां कित्येक नोंदण्यांनीं नियम केला कीं, पेशी आधीं पोंचाव्या, गोठवून ठेवाव्या, आणि मगच रोग्याची मज्जा पुसण्यास हात घालावा. कांहीं वेळां विमानाच्या वैमानिकांनीं त्या पेट्या आपल्या कक्षांत नेल्या.